नगरवैद्य पॅट्रिक गेडिस

इंदूर आणि बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना पॅट्रिक गेडिस हे नाव परके वाटू नये, असे आम्हांस वाटते. या स्कॉटिश विद्वानाने 1916 मध्ये बडोद्याविषयी आणि 1918 मध्ये इंदूरविषयी नगररचनेचे अहवाल लिहिले. इंदूरचा अहवाल तर दोन खंडांचा आहे.

गेडिस यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1854 रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर गावी झाला. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, टॉमस हक्स्ली यांचे शिष्य. 1879 मध्ये मेक्सिकोत असता त्यांची दृष्टी काही काळ गेली. ती परत आली खरी, परंतु सूक्ष्मदर्शकाचे काम पूर्वीसारखे करणे शक्य राहिले नाही. मग झाडाकडे पाहावे त्याच नजरेने ते नगराकडे पाहू लागले. विवाहानंतर पत्नी ॲना यांच्यासह ते एडिंबरोच्या दाट, गलिच्छ अशा जुन्या वस्तीत बिऱ्हाड करून राहिले. जुनी घरे न पाडता त्यांनी ती दुरुस्त केली. पुढे त्या वस्तीतील पडीक जागा मोजल्या, त्या सुमारे 10 एकर भरल्या. त्यांतील काहींवर बागा उभ्या राहिल्या. कन्या नोरा यांनी त्यांसाठी पुष्कळ कष्ट घेतले.

1914 मध्ये ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या नकाशांचे आणि चित्रांचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. गेडिस यांनी नवे साहित्य जमविले आणि कामास लागले. जुन्या पेठांतून सरळ रुंद रस्ते काढण्याची त्या काळच्या अधिकाऱ्यांना मोठी हौस. गेडिस मात्र गल्लीबोळांतून पायी हिंडत. रोगट भाग तेवढा काढावा आणि बाकीचे अंग जपावे, ही त्यांची रीत. अंगणातील तुळस नीटनेटक्या घराची खूण आहे, हे त्यांनी अचूक हेरले होते. डास झाले की तळे बुजवा, हा उपाय सोपा खरा. पण त्याने पाणी जाते, गारवा जातो आणि त्या पाण्यावर जगणारे जीवही जातात. तळ्यात मासे आणि बदके राखावीत, ती डासांची अंडी व अळ्या खाऊन टाकतील, असा गेडिस यांचा सल्ला होता.

1917 चे वर्ष त्यांच्यावर कोसळले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलॅस्डर फ्रान्समधील रणभूमीवर पडला. ॲना त्या वेळी आजारी होत्या; त्यांना ही वार्ता कळू न देता गेडिस यांनी ते दुःख एकट्याने सोसले. जूनमध्ये कलकत्त्यास ॲनाही निवर्तल्या. इंदूरचे काम त्यांनी केले ते या आघातांनंतर.

इंदुरात प्लेगची दहशत होती. गेडिस यांच्या चरित्रकारांनी येथील एका दिवाळीची हकिकत सांगितली आहे. मिरवणुकीचा मार्ग या वर्षी नेहमीचा नसेल, ज्या पेठा सर्वांत स्वच्छ असतील त्यांतूनच ती जाईल, असे त्यांनी जाहीर करविले. घरोघरी झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत लक्ष्मी होती, रोगराईचा रावण होता, आणि शुभ्र वस्त्रे ल्यालेले, गळ्यात हार घातलेले सफाई कामगारही होते. त्या काळी त्यांना असा मान देणे ही लहान गोष्ट नव्हे.

खान म्हणजेच कान्ह आणि सरस्वती या नद्या स्वच्छ ठेवाव्यात, त्यांच्या काठी बागा व झाडी असावी, मैला-सांडपाणी प्रवाहात न सोडता बागांच्या खतापाण्यास लावावे, असा त्यांचा आग्रह होता. अहवाल मोठा, पण अंमल थोडा. विसाव्या शतकात शहर वाढले आणि या नद्यांचे नाले झाले. त्या शुद्ध करण्यासाठी पुढच्या पिढ्यांना अमाप पैसा ओतावा लागला.

1919 पासून काही वर्षे गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. 1920 मध्ये त्यांनी जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र प्रसिद्ध केले. अखेरची वर्षे त्यांनी दक्षिण फ्रान्समधील माँपेल्ये येथे काढली. तेथील खडकाळ माळावर विद्यालय उभारताना त्यांनी भोवती बागाही केल्या. तेथेच 17 एप्रिल 1932 रोजी त्यांचे देहावसान झाले.