गहाण ठेवलेले घर

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या गावच्या जत्रेत मी आयुष्यात एकच कुस्ती खेळलो, तीही नारळावरची, आणि पाठीला माती लावून घरी आलो. तेव्हापासून माझे स्थान फडाच्या कडेला. पण सातारा-सांगलीकडच्या मुलाची तांबड्या मातीची ओढ काही सुटत नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे आहे तेही आपल्यासारखेच एकेकाळी कॉलेजचे विद्यार्थी होते.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकून ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. अंगाने लहान, पण चपळाई विलक्षण. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून त्याला फेकणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. मातीत पाठ टेकली की निकाल लागतो. गादीवर प्रत्येक पकडीचे गुण मोजतात. हा खेळ त्यांना सर्वस्वी नवा होता. तरीही फ्लायवेट गटात त्यांचा सहावा क्रमांक आला. परतल्यावर त्यांनी वरचे वजन घेतले आणि चार वर्षे कसून मेहनत केली.

१९५२ साली हेलसिंकीला जायचे ठरले तेव्हा खिशात पैसा नव्हता. सरकारकडून मिळालेली मदत अपुरी पडली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार! मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव यांच्यापुढे मात्र ते हरले. दोन कुस्त्यांमध्ये हक्काची विश्रांती मागायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. पुढे त्याच दोघांना सुवर्ण आणि रौप्य मिळाले व खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले.

कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मला मात्र त्यानंतरची गोष्ट अधिक मोठी वाटते. खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशातून सरांचे घर सोडवले. मिरवणुकीने ते कर्ज फिटले नव्हते, हे त्यांना ठाऊक होते.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढचे ऑलिंपिक हुकले. खात्याच्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या, क्रीडा प्रशिक्षक म्हणून इतरांना घडवले आणि सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. पेन्शनसाठी मात्र त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर दीड दशक उलटल्यावर. २०१० मध्ये दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले. महाराष्ट्रात आता त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्याच स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत मिळवून दिले.

हे सारे आज लिहायचे कारण वेगळे आहे. होस्टेलवर माझ्या शेजारच्या खोलीत एक पैलवान मुलगा होता. पहाटे चारला उठून तालमीत जायचा. दूध, तूप, बदाम यांचा खर्च घरून झेपेना, तेव्हा त्याने आधी तालीम सोडली. दिवाळीनंतर तो कॉलेजलाच आला नाही. आम्हा सगळ्यांना त्याची अडचण माहीत होती. घर गहाण ठेवायची गरज नव्हती, महिन्याचे दोन सिनेमे सोडले असते तरी पुरे होते. पण वर्गणीचा विषय कोणी काढला नाही, मीही नाही. खाशाबांच्या तसबिरीला हार घालताना मला आता त्याची बंद खोली आठवते.