केशवरावांचे मंजन आणि पांढऱ्या दातांचा हिशेब

लग्नसराई जवळ आली की सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावातही हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. फोटोत दात पिवळे दिसतात, ते पांढरे कसे करायचे? मेडिकलमधून पट्ट्या आणायच्या, कोळशाची पूड मागवायची, की गावातल्या दंतवैद्याकडे किंवा पासष्टएक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला जाऊन दात ‘ब्लीच’ करून घ्यायचे? पैसे किती, दुखेल का, टिकेल किती दिवस, अशा शंका मागोमाग येतातच.

घरचा उपाय बरा की डॉक्टरचा, हा वाद तसा जुना आहे. दातांची निगा घरच्या घरी राखता येते, हा भरवसा ज्या मराठी माणसाने घरोघरी नेला, त्याची गोष्ट या वादात कामाला येते. त्यांचे नाव केशव विष्णु पेंढरकर. ‘विको वज्रदंती’ हे नाव ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळा. पण त्यामागचे केशवराव फार थोड्यांना ठाऊक आहेत.

केशवराव मूळचे दुकानदार. नागपुरात त्यांचे किराणा मालाचे छोटे दुकान होते. पदरी मोठा संसार, आणि दुकानाच्या गल्ल्यात तो भागण्याइतके काही पडत नसे. शेवटी त्यांनी नागपूर सोडले आणि मुंबई गाठली. तिथेही लगेच काही जमले नाही. एक धंदा करून पाहावा, तो बसला की दुसरा हाती घ्यावा, असे करत ते परळला स्थिरावले.

मुंबईच्या बाजारात तेव्हा परदेशी धाटणीच्या प्रसाधनांची चलती होती. कोलगेट कंपनीने १९३७ सालीच भारतात बस्तान बसवले होते. शहरातला मध्यमवर्ग राखुंडी आणि बाभळीची काडी टाकून ट्यूब आणि ब्रशकडे वळत होता. केशवरावांना या बदलात जागा दिसली. लोकांना नव्या पद्धतीच्या डबीत, पण ओळखीच्या वनस्पतींचे काही दिले तर ते घेतील, असा त्यांचा अंदाज होता. आयुर्वेदाचे ज्ञान असलेल्या मेव्हण्याची त्यांना मदत झाली. अठरा वनस्पतींचे एक दंतमंजन तयार झाले. बाभूळ, जांभूळ, लवंग, दालचिनी ही त्यातली आपल्या रोजच्या ओळखीची नावे. ‘वज्रदंती’ म्हणजे आपली पिवळी कोरांटी. बांधाबांधावर काट्यांनिशी उभ्या असलेल्या या झुडपाचा पाला दातांच्या दुखण्यावर चावण्याची खेड्यापाड्यांत जुनी रीत आहे.

१९५२ साली केशवरावांनी कंपनी काढली. विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘विको’ झाले. विष्णु हे त्यांच्या वडिलांचे नाव. कारखाना म्हणजे परळमधली राहती जागा आणि गोदाम, कामगार म्हणजे घरचीच माणसे. केशवराव आणि त्यांची मुले पिशव्या खांद्याला लावून दारोदार फिरत. दार उघडणाऱ्या गृहिणीला मंजन दाखवायचे, कशाचे केले ते सांगायचे आणि जमले तर एक डबी खपवायची, असा तो व्यापार. कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगतो, अशा धंद्याला तेव्हा कोणत्याही बँकेने सहजासहजी कर्ज दिले नसते. तारणाला काही नाही, यंत्रसामग्री नाही आणि उलाढाल अगदीच बेताची. तारण ठेवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे माणसाचा शब्द. आणि त्याला बँकेच्या फॉर्ममध्ये रकाना नसतो.

त्या शब्दाकडे नीट पाहायला हवे. नावच ‘वज्रदंती’, म्हणजे वज्रासारखे दात. दात घट्ट राहावेत, हिरड्या बळकट राहाव्यात, असे ते आश्वासन होते. दुधासारख्या शुभ्र दातांचे स्वप्न त्या नावात नव्हते. औषधनिर्माणशास्त्र शिकलेले त्यांचे चिरंजीव गजाननराव पुढे धंद्यात आले. १९७१ मध्ये केशवराव गेले, आणि कंपनी मोठी झालेली पाहणे मुलांच्या वाट्याला आले. १९८४ साली दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ लागायची तेव्हा विकोची जाहिरात देशभर पोहोचली होती. डोंबिवलीतले पेंढरकर महाविद्यालय केशवरावांच्याच नावाचे आहे.

त्यांच्या माघारी या मालावर एक मजेदार पण गंभीर खटला उभा राहिला. ही उत्पादने आयुर्वेदिक औषधे नसून सौंदर्यप्रसाधने आहेत, असे अबकारी खात्याचे म्हणणे होते. १९७८ पासून दोन दशकांहून अधिक काळ हा वाद चालला आणि अखेर कंपनीची बाजू टिकली. प्रश्न कराचा होता, पण त्याच्या पोटातला प्रश्न आपल्या कामाचा आहे. आपण दाताला जे लावतो ते आरोग्यासाठी की दिसण्यासाठी? दात पांढरे करू पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी याचे उत्तर द्यावे.

कारण दात मुळात पांढरेशुभ्र नसतातच. वरचे एनॅमल अर्धपारदर्शक असते आणि आतले डेंटिन पिवळसर. वय वाढते तसे एनॅमल झिजते आणि आतला पिवळा रंग वर डोकावतो. चहा, पान, तंबाखूचे डाग वरवर बसतात. मंजन-ब्रशने त्यातले थोडेफार जातात. पण किटण एकदा कडक झाले की ते घासून निघत नाही, दंतवैद्याच्या हत्यारांनीच काढावे लागते. पुष्कळांचे दात एवढ्या सफाईनेच उजळतात आणि पुढच्या खर्चाची गरजच उरत नाही. तिसरी तऱ्हा आतल्या डागांची. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरच्या काही भागांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे लहानपणीच दातांवर तपकिरी चट्टे उठतात. मार लागून एखादा दात आतून मेला तर तो काळवंडतो. यांपुढे कोणतेही मंजन हात टेकते.

ब्लीचिंगचे औषध घरी काय आणि दवाखान्यात काय, एकाच कुळातले, हायड्रोजन पेरॉक्साइडचे. दवाखान्यात ते २५ ते ४० टक्के तीव्रतेचे असते. हिरड्या झाकून, समोर बसून लावतात आणि फरक त्याच दिवशी दिसतो. घरच्या पद्धतीत दंतवैद्य दातांच्या मापाचा पातळ साचा करून देतो. त्यात बहुधा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल भरून रात्री घालायची, असे दोनेक आठवडे. ही पद्धत अमेरिकेत १९८९ साली शास्त्रीय लेखातून पुढे आली. वेळ जास्त लागतो, खर्च कमी येतो आणि शेवटी रंगात फारसा फरक राहत नाही. दुकानातल्या पट्ट्या सौम्य असतात आणि वाकड्यातिकड्या दातांवर नीट बसत नाहीत. लिंबू आणि कोळसा मात्र टाळावेत. लिंबातले आम्ल एनॅमल खाते, कोळसा ते खरवडतो. आणि गेलेले एनॅमल परत येत नाही. ब्लीचने काही दिवस दात झिणझिणतात. कॅप आणि सिमेंट भरलेल्या दाताचा रंग बदलत नाही, हेही आधीच विचारून घ्यावे. गरोदर स्त्रियांनी आणि कोवळ्या वयाच्या मुलांनी या वाटेला जाऊ नये.

तेव्हा घर की दवाखाना, हा प्रश्न दुसऱ्या पायरीवरचा आहे. पहिली पायरी म्हणजे दंतवैद्यासमोर एकदा तोंड उघडणे. आपल्या मराठवाड्यात तर त्याला आणखी एक कारण आहे. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांना लावणाऱ्या आयाबाया आजही गावोगाव आहेत. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ सालीच बंदी केली, पण घरच्या तव्यावर कायदा पोहोचत नाही. मिश्रीने काळे झालेले दात ब्लीच करण्याच्या निमित्ताने का होईना, एखादी बाई खुर्चीत बसली, तर डॉक्टरला गालाच्या आतला पांढरा चट्टा वेळेवर दिसू शकतो. तो चट्टा कधी कधी कॅन्सरची सुरुवात असतो आणि वेळेवर दिसला तर जीव वाचतो. संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात ही तपासणी होते.

केशवरावांनी दारात उभे राहून मंजन कशाचे केले ते सांगितले आणि दात बळकट राखण्यापुरता शब्द दिला. आज पट्टी किंवा जेल विकणाऱ्याला आपणही तेवढेच विचारावे: यात काय आहे, किती टक्के आहे आणि माझ्या दातावरचा डाग कोणत्या जातीचा आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराजवळ नसते. त्यासाठी दवाखान्याची पायरी चढावी लागते, मग जेल भले घरी लावा.