गुरुजींचे हात

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक काम आले. साने गुरुजींच्या जीवनावर मुलांसाठी 24 पानांचे पुस्तक निघणार होते आणि त्याची चित्रे मी काढायची होती. जळगावात 30 वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, तेव्हा यात अवघड ते काय, असे वाटले. पांढरी टोपी, डोळ्यांत पाणी, भोवती मुले. दोन दिवसांत सहा कच्ची चित्रे झाली. माझ्या नातीने ती पाहिली आणि विचारले, की हे आजोबा सारखे रडतात का?

मी चपापलो. गुरुजी गेले तेव्हा जेमतेम पन्नाशीचे होते. 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातल्या पालगडला जन्मलेला हा तरुण 1924 मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला, तेव्हा त्याचे वय होते अवघे 24. आणि मी म्हातारा काढून बसलो होतो!

दुसऱ्या दिवशी अमळनेरची गाडी धरली. तिथे गुरुजींकडे वसतिगृहही होते. मुलांची अंथरुणे ते घडी करून ठेवत, कंदिलाच्या काचा पुसत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे दैनिक रोज हाताने लिहून काढत. गावातून हिंडताना माझे चित्र मला सापडले. चेहरा नव्हे, हात काढायचे!

मग पाने भराभर सुचली. 1930 मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते टिपून घेत. चित्रात सगळ्यांच्या माना विनोबांकडे वळलेल्या, एकाचीच खाली, कागदावर. त्या हातामुळे 'गीता प्रवचने' आपल्या घरात आली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्याच हाताने 'श्यामची आई' लिहिली. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. तिथे हात मांडीवर स्वस्थ ठेवले आणि मागे दार उघडताना दाखवले.

अडलो शेवटच्या पानाशी. 11 जून 1950 रोजी गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपवले. पुस्तक पंढरपूरलाच थांबवावे, असे काहींचे मत पडले. मला ते पटेना. मूल आज ना उद्या विचारणारच. त्याला बाहेरून अर्धवट कळण्यापेक्षा घरातल्या मोठ्यांनी जवळ घेऊन सांगितलेले बरे. दुःख फार झाले की माणसाने कोणाला तरी ते बोलून दाखवावे, हेही तेव्हाच सांगता येते. शेवटी तारीख आणि दोन साधी वाक्ये पानावर राहिली.

त्या पानावर मी माणूस काढलाच नाही. घडी केलेली अंथरुणे आणि खिडकीत लखलखीत काचेचा पेटता कंदील, एवढेच.

नात चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारले, की ही काच कोणी पुसली? मी तिला शेजारी बसवले आणि सारी गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.