तिकिटाएवढं चित्र, तलावाएवढं काम

वाचकहो, पौष-माघात कधी भामरागडला गेलात, तर पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या जिथे एक होतात तिथे घटकाभर थांबा. पावसाळ्यात गावाची वाट अडवणारे तेच पाणी तेव्हा निवळून शांत झालेले असते. रेतीचे पट्टे उघडे पडलेले असतात. अशा नद्या, धानाच्या बांध्या आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांतले तलाव-बोड्या यांच्या आसऱ्याने पाणपक्षी जगतात. अडई आणि हळदी-कुंकू बदक ही तर घरचीच मंडळी. चक्रवाक, थापट्या हे थंडीतले पाहुणे, उत्तरेकडून येणारे. आता पाहुणा आला म्हणजे त्याला उतरायला जागा पाहिजे. ती जागा राखायची कुणी, आणि पैसा कुणी द्यायचा?

सातासमुद्रापार एका व्यंगचित्रकाराने या प्रश्नाला हात घातला होता. जे नॉरवुड डार्लिंग हे त्यांचे नाव. आपल्याकडे फारसे ऐकिवात नाही, पण अमेरिकेत त्यांना सगळे 'डिंग' म्हणून ओळखत. आडनावातली मधली अक्षरे गाळून ते चित्राखाली तशी सही करायचे.

डार्लिंग यांचा जन्म 21 ऑक्टोबर 1876 चा, मिशिगन राज्यातला. बालपण गेले आयोवा राज्यातल्या सू सिटी या गावी, मिसुरी नदीच्या काठी. आजूबाजूला मैलोन्‌मैल गवताळ माळ, मधे मधे पाणथळी, आणि हंगामात आभाळ भरून येणारी बदके. पोरवयात त्यांनी एकदा अंडी-पिलांच्या दिवसांत बदक मारले, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्याने त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. वीण होऊ द्यायची, मग शिकार, हा धडा त्यांना तिथेच मिळाला. आपल्याकडचे जुने जाणते लोक तरी दुसरे काय सांगत होते?

मनात डॉक्टर व्हायचे होते. पण कॉलेजात प्राध्यापकांची वेडीवाकडी चित्रे काढली आणि काही काळ घरी बसावे लागले. 1900 साली पदवी मिळाली आणि ते वृत्तपत्रात बातमीदार झाले. पुढे 1906 पासून डे मॉइन शहरातल्या 'रजिस्टर' या दैनिकात त्यांची व्यंगचित्रे येऊ लागली. ती इतकी गाजली, की शंभरावर वृत्तपत्रे छापत. पत्रकारितेतला मानाचा पुलित्झर पुरस्कार त्यांना दोनदा मिळाला, 1924 आणि 1943 साली.

आता मुद्द्याचं सांगतो. 1930 च्या सुमारास अमेरिकेच्या मध्यभागात मोठा दुष्काळ पडला. शेतीसाठी पाणथळींना चर खणून त्या आधीच कोरड्या केल्या होत्या. वर पावसाने पाठ फिरवली. माती उडून धुळीची वादळे उठली. बदकांना ना अंडी घालायला जागा, ना उतरायला पाणी. त्यांची संख्या झपाट्याने घसरली. डार्लिंग स्वतः हौशी शिकारी. घसरण ते डोळ्यांनी पाहत होते आणि चित्रांतून ओरडून सांगत होते.

गंमत अशी, की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट हे विरोधी पक्षाचे आणि डार्लिंग त्यांच्यावर सणसणीत टीका करणारे. तरीही रूझवेल्ट यांनी 1934 च्या आरंभी पाणपक्ष्यांसाठी नेमलेल्या तिघांच्या समितीत त्यांना घेतले आणि लगेच मार्च महिन्यात वन्यजीव खात्याचे प्रमुखच केले. वृत्तपत्रातली भरभक्कम कमाई सोडून डार्लिंग सरकारी पगारावर गेले. टीका करणे सोपे. काम अंगावर घेणे जड. त्यांनी ते घेतले.

16 मार्च 1934 रोजी एक कायदा झाला. बदकांची शिकार करणाऱ्या सोळा वर्षांवरील प्रत्येकाने दरवर्षी एक सरकारी तिकीट विकत घ्यायचे. हे टपालाचे तिकीट नव्हे. किंमत एक डॉलर, आणि जमणारा पैसा पाणथळ जागांसाठी. कल्पना डार्लिंग यांच्या एकट्याची नव्हती. काही वर्षे ती अमेरिकेत घोळत होती. पण पहिल्या तिकिटावरचे चित्र त्यांच्या हातचे. पाण्यावर उतरणारी बदकांची जोडी, घाईघाईत रेखाटलेली. त्या पहिल्या वर्षी 6,35,001 तिकिटे खपली.

नुसता पैसा गोळा करून ते थांबले नाहीत. 1935 साली शिकारीचे नियम कडक झाले. पाळीव बदके बांधून रानबदकांना भुलवणे बंद, दाणे टाकून मारणे बंद, बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसे नकोत. हे नियम लागले ते डार्लिंग यांच्याच शिकारी सोबत्यांना. त्यांनी बोटे मोडली, तक्रारी केल्या. डार्लिंग हटले नाहीत. सरकारी पक्षी-आश्रयस्थानांची ओळख असलेला उडता निळा हंस, तेही चिन्ह त्यांनीच काढलेले. नोव्हेंबर 1935 मध्ये त्यांनी पद सोडले आणि पुन्हा कुंचला हाती घेतला. 1936 साली वन्यजीवप्रेमींचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला, त्याचे ते पहिले अध्यक्ष. 12 फेब्रुवारी 1962 रोजी ते वारले. फ्लोरिडातल्या सॅनिबल बेटावरच्या आश्रयस्थानाला पुढे त्यांचे नाव दिले गेले.

तिकीट मात्र चालूच राहिले. 1949 पासून त्यावरच्या चित्रासाठी खुली स्पर्धा घेतात. पहिल्याच वर्षी 65 चित्रकारांनी 88 चित्रे पाठवली होती. जिंकणाऱ्याला सरकार रोख बक्षीस देत नाही. त्याच्या सहीच्या चित्राला बाजारात जी किंमत येते तीच त्याची कमाई. शाळकरी मुलांसाठीही वेगळी स्पर्धा असते. तिकिटाची किंमत आता 25 डॉलर आहे. प्रत्येक डॉलरातले 98 सेंट पाणथळींकडे जातात. शिकार न करणारेही ते हौसेने घेतात. या पैशातून आजवर सुमारे 60 लाख एकर जागा राखली गेली आहे. बोटभर चित्राची ही करामत!

तुम्ही म्हणाल, आपला यात काय संबंध? आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. तेव्हा शिकारीचे तिकीट आपल्या कामाचे नाही. पण त्यामागचा हिशेब कामाचा आहे. जो पाण्याचा उपयोग घेतो, त्याने पाण्यासाठी काही द्यावे, आणि दिलेले पाण्यावरच खर्च व्हावे.

खरं सांगायचं तर हा हिशेब झाडीपट्टीला नवा नाही. गोंड राजांच्या काळापासून इथे तलाव खोदले गेले. ज्याचे धान त्या पाण्यावर पिके, तो पाळीची माती ओढायला येई. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि 'मामा तलाव' झाले. मालगुजारी गेली ते बरेच झाले. पण तिच्याबरोबर गावाचा तलावावरचा हातही सुटला. मग गाळ साचला, बेशरम माजली, काठाकाठाने अतिक्रमण सरकले. नुकसान बदकांचे झाले तसे कास्तकाराचे आणि ढिवराचेही झाले.

भामरागड अनुसूचित क्षेत्रात येते. 1996 च्या पेसा कायद्याने अशा भागातल्या छोट्या जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींच्या हाती सोपवले आहे. मग एवढे करून पाहायला काय हरकत आहे? गावच्या शाळेतल्या पोरांना आपल्या बोडीवरचे पक्षी काढायला सांगा. त्यातले गावाला आवडलेले चित्र मासेमारीच्या पावतीवर छापा. पावतीचे चार पैसे वेगळे ठेवा आणि उन्हाळ्यात त्यातून गाळ काढा. दरवर्षी नवे पोर, नवे चित्र. ज्या पोराने बोडीवरची अडई निरखून कागदावर उतरवली, ते पोर मोठेपणी ती बोडी बुजू देणार नाही.

डार्लिंग यांच्या हाती सुरुवातीला तरी काय होते? एक कुंचला, आणि पाणी आटलेले पाहून जिवाला लागलेली चुटपूट. आपल्या पोरांकडे रंगपेटी आहे. पाणीही अजून आहे. वाचकहो, ते आहे तोवरच हे करायला हवे.