वाऱ्याचे गणित

सन १९१७. पहिले महायुद्ध पेटले होते. फ्रान्सच्या रणभूमीवरून जखमी सैनिकांस रुग्णालयात पोहोचविणारी एक मोटारगाडी रात्रंदिवस धावत असे. तिचा चालक होता पस्तिशीतला एक शांत इंग्रज गृहस्थ. तोफांच्या गडगडाटातून परतल्यावर त्याचे सोबती हातपाय पसरून विसावत. हा मात्र थंडगार निवाऱ्यात गवताच्या ढिगावर बसून गणिते करीत असे. गणित तरी कशाचे? तर २० मे १९१० रोजी मध्य युरोपावरील हवेत काय बदल घडून यावयास हवे होते, ह्याचे!

ह्या गृहस्थांचे नाव लुइस फ्राय रिचर्डसन. त्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाला. वडिलांचा कातडी कमावण्याचा धंदा होता आणि सात भावंडांत हे शेंडेफळ. घराणे क्वेकर पंथाचे. कोणत्याही कारणास्तव मनुष्याने मनुष्यावर शस्त्र उचलू नये, अशी त्या पंथाची शिकवण आहे. केंब्रिज येथील शिक्षणानंतर, १९१३ साली, ते स्कॉटलंडमधील एका वेधशाळेचे प्रमुख झाले. युद्ध सुरू झाल्यावर बंदूक हाती घेणे त्यांना मान्य नव्हते. पण इतर लोक मरत असता स्वस्थ बसणेही रुचेना. म्हणून १९१६ साली नोकरी सोडून ते रुग्णवाहिकेवर दाखल झाले.

त्या काळी हवामानाचा अंदाज कसा बांधीत? आजच्यासारखे नकाशे पूर्वी कधी दिसले होते काय, हे जुन्या दप्तरात शोधीत आणि तेव्हा घडले तसेच आताही घडेल, असे मानीत. रिचर्डसन ह्यांना हे पटेना. हवा निसर्गाच्या नियमांनी चालते. मग ते नियम गणितात मांडून उद्याची हवा आजच का काढू नये? त्यांनी नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आखले. प्रत्येक चौकोन सुमारे २०० किलोमीटरांचा, आणि त्यावरील हवेचे एकावर एक असे पाच थर. प्रत्येक खणातील वारा, वायुभार, उष्णता व बाष्प मांडावयाचे. एका खणातून शेजारच्या खणात किती हवा गेली, ते काढावयाचे. आणि नव्या आकड्यांवरून पुन्हा पुढचे गणित करावयाचे.

केवळ सहा तासांतील बदल काढण्यास त्यांना सुमारे सहा आठवडे लागले. आणि उत्तर? सहा तासांत वायुभार १४५ मिलिबारांनी वाढणार! त्या दिवशी प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. वर्गात गणित चुकले की आपण हळूच पान फाडतो. रिचर्डसन ह्यांनी तसे केले नाही. त्यांच्या हस्तलिखिताचीही एक कथाच आहे. लढाईच्या धामधुमीत ते हरवले आणि कित्येक महिन्यांनी बेल्जममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. १९२२ साली त्याचे पुस्तक झाले, तेव्हा ते चुकलेले उत्तर सर्व आकड्यांसह त्यात छापलेले होते.

त्याच पुस्तकात त्यांनी एक कल्पनाचित्रही रेखाटले आहे. एका भव्य वर्तुळाकार सभागृहाच्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा, सज्जांत बसलेले ६४,००० गणिती, आणि मध्यभागी उंचावर एक सूत्रधार. जे गणिती पुढे पळतील त्यांच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, मागे राहतील त्यांच्यावर निळा!

गणित चुकले ते रीतीमुळे नव्हे. सुरुवातीच्या मोजमापांत वारा आणि वायुभार ह्यांचा मेळ बसलेला नव्हता. पुढे अनेक वर्षांनी संशोधकांनी तो मेळ बसवून त्याच रीतीने गणित केले, तेव्हा उत्तर पटण्याजोगे आले.

१९२० साली ब्रिटिश हवामान खाते हवाई दलाच्या मंत्रालयाखाली गेले, तेव्हा रिचर्डसन ह्यांनी तेथील नोकरी सोडली. धूर हवेत कसा पांगतो, ह्याचाही त्यांचा अभ्यास होता. त्यात सर्वांत अधिक रस विषारी वायूच्या तज्ज्ञांना आहे, असे त्यांना कळले. धुराचे गणित आणि विषाचे गणित एकच! तेव्हा आपले अप्रकाशित संशोधन त्यांनी नष्ट केले, असे त्यांच्या पत्नीने नमूद केले आहे. जिज्ञासा मात्र गेली नाही. १९४८ साली, सदुसष्टीच्या उंबरठ्यावर, स्कॉटलंडमधील एका खाडीत मुळ्यासारख्या कंदाचे तुकडे फेकून ते एकमेकांपासून कसे दूर जातात, हे ते एका सहकाऱ्यासह मोजीत होते.

१९५० साली अमेरिकेत संगणकाने हवेचे पहिले अंदाज काढले. चोवीस तासांच्या अंदाजास सुमारे चोवीस तासच लागले. ते निष्कर्ष रिचर्डसन ह्यांना धाडण्यात आले आणि त्यांना फार आनंद झाला. ३० सप्टेंबर १९५३ रोजी ते निवर्तले.

आज संगणक साऱ्या पृथ्वीचे असेच खण पाडतात आणि शंभर शंभर वर्षांचे हवामान मांडतात. त्या खणांत आता वाळवंटातील धूळ, समुद्रावरील मीठ, चुलींचा व कारखान्यांचा धूर ह्यांचेही कण मोजावे लागतात. कोणता वायू कोणत्या वायूशी मिळून काय होतो, हेही पाहावे लागते. जून १९९१ मध्ये फिलिपाईन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने गंधकाचा वायू आकाशात उंच फेकला. त्याचे आम्लाचे बारीक थेंब झाले आणि त्यांनी सूर्यप्रकाश परतवून लावला. ह्यामुळे पृथ्वी सुमारे अर्धा अंश सेल्सिअस थंड होईल, असे गणित शास्त्रज्ञांनी आधीच जाहीर केले. आणि १९९२ साली जवळजवळ तसेच घडले. परंतु एका खणाहून कितीतरी लहान असलेल्या ढगात धुराचे कण शिरले, म्हणजे त्या ढगाचे व त्याच्या पावसाचे नेमके काय होते, हे गणित अद्याप पुरते सुटलेले नाही.