आमान्सियो डिसिल्वा

आमान्सियो डिसिल्वा (१९३६, मुंबई – १९९६, लंडन) हे गोमंतकीय वंशाचे भारतीय जॅझ गिटारवादक व संगीतरचनाकार होते. १९६७ साली ते इंग्लंडला गेले. १९६९ ते १९७२ या अल्पकाळात त्यांच्या चार ध्वनिमुद्रिका लंडनमध्ये प्रसिद्ध झाल्या. भारतीय स्वरविचार व जॅझ यांचा मेळ घालणाऱ्या आरंभीच्या संगीतकारांत त्यांची गणना होते. त्यांच्या हयातीत या ध्वनिमुद्रिका बाजारातून दिसेनाशा झाल्या होत्या. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या ब्रिटिश जॅझचे पुनःप्रकाशन सुरू झाल्यावर त्यांचे नाव पुन्हा पुढे आले. त्यांची आजची कीर्ती बहुतांशी मरणोत्तर आहे.

पार्श्वभूमी

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण मिळत असे. स्वरलिपी वाचणे, समूहात गाणे आणि व्हायोलिन वाजवणे हे त्या शिक्षणाचे मुख्य भाग होते. गोव्यात उपजीविकेची साधने मर्यादित असल्यामुळे हे शिक्षण घेतलेले अनेक तरुण मुंबईस येत. धोबी तलाव परिसरातील गावोगावच्या कुडींमध्ये त्यांचा मुक्काम असे. मूकपटांची चित्रपटगृहे, पोलीस व लष्कराची बँडपथके, मोठी हॉटेले आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद येथे त्यांना काम मिळे. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, संगीतसंयोजक सेबास्टियन डिसूझा, व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस आणि कोकणी गीतांचे संगीतकार क्रिस पेरी हे याच परंपरेतील प्रसिद्ध कलावंत होत.

डिसिल्वा यांचा जन्म अशाच एका गोमंतकीय कुटुंबात मुंबईत झाला. गिटार हे त्यांचे वाद्य. त्या काळच्या जॅझ पथकांत ट्रम्पेट व सॅक्सोफोन ही वाद्ये अग्रभागी असत आणि गिटारकडे बहुधा तालाची बाजू सांभाळण्याचे काम येई. डिसिल्वा यांनी मात्र गिटारवर एकेरी स्वरांची, गायकाच्या आलापीसारखी लांबवर जाणारी वाक्ये वाजवण्याची शैली घडवली.

भारतातील कारकीर्द

१९५०च्या आणि १९६०च्या दशकांत डिसिल्वा यांनी भारतातील निरनिराळ्या शहरांत व्यावसायिक वादक म्हणून काम केले. दारूबंदीमुळे मुंबईतील रात्रीच्या करमणुकीच्या धंद्यावर मर्यादा आल्या होत्या. अशा काळात हॉटेलात वाजवणाऱ्या वादकाला नृत्यसंगीत, लोकप्रिय गीते आणि जॅझ असे सर्व काही वाजवावे लागे. स्वतःच्या रचना सादर करण्यास त्यात फारसा वाव नसे.

जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी त्यांच्या वादनाची कदर करून त्यांना गिब्सन बनावटीची गिटार घेऊन दिली. परदेशी गिटार तेव्हा भारतात सहजासहजी मिळत नसे. त्यामुळे ही भेट त्यांच्या कारकिर्दीत महत्त्वाची ठरली. पुढे त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ‘जयपूर’ आणि ‘महाराणी’ अशी नावे असलेल्या दोन रचना आल्या. त्यांची पत्नी जॉइस या आयरिश होत्या. ‘जॉइस कंट्री’ या रचनेच्या नावात पत्नीच्या नावाबरोबरच आयर्लंडच्या पश्चिम भागातील त्याच नावाच्या प्रदेशाचाही उल्लेख साधला आहे.

लंडनमधील आगमन

१९६७ साली मुलाच्या वैद्यकीय उपचारांसाठी डिसिल्वा कुटुंब लंडनला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. मुंबईतील नावलौकिकाचा तेथे फारसा उपयोग नव्हता. तथापि काळ त्यांना अनुकूल होता. रविशंकर यांच्या मैफलींमुळे आणि बीटल्सच्या गीतांतील सतारीमुळे भारतीय संगीताविषयी पाश्चात्त्य श्रोत्यांत कुतूहल निर्माण झाले होते.

जॅझच्या क्षेत्रातही असा एक प्रयोग आधीच झाला होता. कोलकात्यात जन्मलेले व्हायोलिनवादक जॉन मेयर आणि जमैकात जन्मलेले ऑल्टो सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी एकत्र येऊन १९६६ साली ‘इंडो-जॅझ स्वीट’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली होती. पाच भारतीय संगीताचे व पाच जॅझचे वादक असे त्यांच्या पथकाचे स्वरूप होते. मुंबईत जन्मलेले मराठी तबलावादक केशव साठे या पथकात होते.

या प्रयोगामागे निर्माते डेनिस प्रेस्टन हे होते. लंडनच्या हॉलंड पार्क भागातील लॅन्सडाउन स्टुडिओ त्यांचा होता. स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रण करायचे आणि ते मोठ्या कंपन्यांना प्रकाशनासाठी द्यायचे, अशी त्यांची कार्यपद्धती होती. इएमआय कंपनीच्या कोलंबिया या नावाखाली निघालेल्या लॅन्सडाउन मालिकेत त्यांनी अनेक ब्रिटिश जॅझ कलावंतांना स्थान दिले. डिसिल्वा यांनाही प्रेस्टन यांनीच संधी दिली.

प्रमुख ध्वनिमुद्रिका

‘इंटिग्रेशन’ (१९६९) ही डिसिल्वा यांच्या नावाने प्रसिद्ध झालेली पहिली ध्वनिमुद्रिका होय. तीत ट्रम्पेटवादक इयन कार, सॅक्सोफोनवादक डॉन रेंडेल, बासवादक डेव्ह ग्रीन आणि ड्रमवादक ट्रेव्हर टॉमकिन्स यांची साथ होती. रेंडेल आणि कार यांचे पथक त्या वेळी ब्रिटनमधील अग्रगण्य जॅझ पथकांपैकी एक होते. ‘गँजीस’, ‘जयपूर’, ‘महाराणी’, ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’ या रचनांची नावे भारतातील स्थळांची व व्यक्तींची आठवण करून देतात.

‘हम दोनो’ (१९६९) ही त्यांची सर्वांत नावाजलेली ध्वनिमुद्रिका आहे. जो हॅरियट यांच्यासह केलेल्या या ध्वनिमुद्रिकेत इयन कार, डेव्ह ग्रीन व ड्रमवादक ब्रायन स्प्रिंग यांच्याबरोबर गायिका नॉर्मा विन्स्टन यांचा सहभाग होता. विन्स्टन यांनी शब्दांविना, केवळ आकारयुक्त स्वरांत गाऊन आपला आवाज एखाद्या वाद्यासारखा योजला आहे. ‘स्टेफानोज डान्स’ ही रचना मुलाच्या नावाने आहे, तर ‘बॅलड फॉर गोवा’ ही पूर्वजांच्या भूमीला उद्देशून आहे. ‘स्प्रिंग लो, स्वीट हॅरियट’ या नावात एका आफ्रिकी-अमेरिकी भक्तिगीताच्या नावावर कोटी करून दोन सहकाऱ्यांची आडनावे गुंफली आहेत. शेवटी ‘जयपूर’ ही रचना पुन्हा येते. त्यामुळे एकाच वर्षी दोन निरनिराळ्या संचांनी केलेली तिची मांडणी तुलनेसाठी उपलब्ध आहे.

‘रिफ्लेक्शन्स’ (१९७१) ही त्यामानाने सौम्य व सामान्य श्रोत्यांना उद्देशून काढलेली ध्वनिमुद्रिका होती.

‘ड्रीम सीक्वेन्स’ (१९७२) ही कॉस्मिक आय या पथकाच्या नावाने रीगल झोनोफोनने प्रसिद्ध केली. तीत गिटारबरोबर सतार, तबला, बासरी व सॅक्सोफोन ही वाद्ये असून एका कल्पनेभोवती गुंफलेली दीर्घ रचना आहे. जॅझ, भारतीय संगीत आणि त्या काळचे प्रोग्रेसिव्ह रॉक यांच्या सीमेवर ही ध्वनिमुद्रिका उभी आहे. म्हणूनच प्रोग्रेसिव्ह रॉकच्या संग्राहकांनीही तिचा पुढे शोध घेतला.

शैली

रागसंगीतात आधारस्वर अखंड निनादत असतो आणि ठरावीक स्वरसमूहातून विस्तार होतो. पारंपरिक जॅझमध्ये स्वरसंघात, म्हणजे कॉर्ड, सतत बदलत असतात आणि वादकाला त्या बदलांचे भान ठेवून वाजवावे लागते. या दोन पद्धती एकत्र आणताना हाच मुख्य अडसर असतो. १९५०च्या दशकाच्या अखेरीस माइल्स डेव्हिस प्रभृतींनी कॉर्डचे बदल कमी करून एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ विस्तार करण्याची रीत रूढ केली आणि हा अडसर बराच सैल झाला.

डिसिल्वा यांनी या मोकळ्या जागेचा उपयोग केला. मेयर यांच्या पद्धतीत भारतीय व पाश्चात्त्य वादक समोरासमोर बसत आणि रचनेचा मोठा भाग आधी लिहिलेला असे. ‘हम दोनो’मध्ये सतार नाही आणि तबलाही नाही. भारतीयत्व चालीच्या घडणीत, गिटारच्या तारेवरील खेचीत आणि स्वरावर रेंगाळण्याच्या वृत्तीत आहे. गिटारच्या पडद्यांमुळे मींड काढण्यास मर्यादा येतात. तार आडवी ओढून आणि लगतच्या स्वरांवरून घसरत जाऊन ते ही उणीव भरून काढीत.

उत्तरायुष्य

१९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये रॉक संगीताचा प्रभाव वाढला आणि मोठ्या कंपन्यांनी जॅझच्या प्रकाशनातून हात आखडता घेतला. जो हॅरियट यांचे जानेवारी १९७३ मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी निधन झाले. ‘हम दोनो’नंतर या दोघांच्या नावाने दुसरी ध्वनिमुद्रिका निघाली नाही. याच दशकाच्या पूर्वार्धात डिसिल्वा यांनी ‘कोंकण डान्स’ या नावाचे ध्वनिमुद्रण पूर्ण केले. परंतु ते प्रसिद्ध झाले नाही आणि फिती तशाच पडून राहिल्या.

त्यानंतरही ते वादन करीत राहिले आणि त्यांनी लंडनमध्ये संगीत शिकवण्याचे कामही केले. पूर्वी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या यादीतून वगळल्या गेल्या होत्या. १९९६ साली लंडन येथे त्यांचे निधन झाले.

पुनःप्रकाशन

१९८०च्या दशकात कॉम्पॅक्ट डिस्क रूढ झाल्यावर कंपन्यांनी आपला जुना साठा नव्या स्वरूपात आणण्यास सुरुवात केली. तथापि आधी क्रम लागला तो खपाची खात्री असलेल्या कलावंतांचा. लॅन्सडाउन मालिकेतील तबकड्यांच्या मूळ प्रती तोवर दुर्मीळ झाल्या होत्या. संग्राहकांच्या व्यवहारात ‘हम दोनो’च्या एका प्रतीला शेकडो पौंड मोजले जाऊ लागले. या व्यवहारातून वादकाला किंवा त्याच्या वारसांना काहीही मिळत नसे, कारण ती जुन्या वस्तूची खरेदी-विक्री होती.

२००२ साली जाइल्स पीटरसन यांनी संपादित केलेल्या ‘इम्प्रेस्ड’ या संकलनामुळे १९६०च्या दशकातील ब्रिटिश जॅझकडे नव्या पिढीचे लक्ष गेले. त्या काळातील विस्मृत ध्वनिमुद्रिका पुढील वर्षांत पुन्हा निघू लागल्या. २००६ साली व्होकॅलियन या कंपनीने ‘कोंकण डान्स’ प्रथमच प्रकाशित केली. ध्वनिमुद्रणानंतर तीन दशके उलटून गेल्यावर आणि वादकाच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी ती श्रोत्यांपर्यंत पोहोचली.

अशा पुनःप्रकाशनाचा दर्जा मूळ फितीवर अवलंबून असतो. ती सुस्थितीत सापडली, तर तिच्यावरून नवी प्रत करता येते. फीत हरवली असेल, तर जुन्या तबकडीवरून प्रत करावी लागते आणि तिची खरखर त्यात उतरते. हक्कांचा प्रश्नही असतोच. निर्माता, प्रकाशक कंपनी आणि वादक यांच्यातील जुने करार तपासावे लागतात आणि कंपन्यांची मालकी मधल्या काळात बदललेली असते. विनापरवाना काढलेल्या प्रतींतून संगीत पसरते, पण मानधन वारसांपर्यंत पोहोचत नाही.

याच काळातील आणखी काही ध्वनिमुद्रिकांची कथा अशीच आहे. गायिका अलिशा सुफित, सतारवादक क्लेम आल्फर्ड, गिटारवादक जिम मोयस आणि तबलावादक केशव साठे यांची ‘मॅजिक कार्पेट’ (१९७२) ही लोकसंगीताच्या वळणाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्धीच्या वेळी दुर्लक्षित राहिली. पुढे संग्राहकांत तिला मागणी आली आणि ती पुन्हा प्रसिद्ध झाली. साठे यांना मात्र पुढेही कामे मिळत राहिली. जॉन रेनबोर्न यांच्या पथकाच्या ‘अ मेड इन बेडलम’ (१९७७) या ध्वनिमुद्रिकेत इंग्लंडच्या जुन्या लोकगीतांना त्यांच्या तबल्याची साथ आहे.

महत्त्व

हिंदी चित्रपटांतील गोमंतकीय वादकांनी इतरांच्या चालींना रूप दिले, पण श्रेयनामावलीत त्यांची नावे बहुधा आली नाहीत. डिसिल्वा यांना स्वतःच्या रचना स्वतःच्या नावाने मुद्रित करता आल्या, हे त्यांचे वेगळेपण आहे. लंडनमध्ये बसून त्यांनी मुंबईचा रस्ता, जयपूर, गोवा आणि कोकण यांना जॅझच्या भाषेत स्थान दिले. ते स्थान टिकून राहण्यास जितकी त्यांची प्रतिभा कारणीभूत आहे, तितक्याच जपून राहिलेल्या काही फितीही आहेत. ज्या वादकांची ध्वनिमुद्रणे झाली नाहीत किंवा ज्यांच्या फिती नष्ट झाल्या, त्यांच्या बाबतीत अशी दुरुस्ती शक्य नाही.

ध्वनिमुद्रिका

• इंटिग्रेशन (१९६९)
• हम दोनो, जो हॅरियट यांच्यासह (१९६९)
• रिफ्लेक्शन्स (१९७१)
• ड्रीम सीक्वेन्स, कॉस्मिक आय या नावाने (१९७२)
• कोंकण डान्स (प्रकाशन २००६)