गरज नसलेला अतिथी

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांस सोहिरोबानाथ आंबिये हे नाव नवे नाही. परवा नातवाने परीक्षेच्या पुस्तकातील गरजांची शिडी मला समजावून सांगितली, आणि मला या पुरुषाची आठवण झाली.

मास्लो नामक अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1943 साली असे मांडले की, माणसाच्या गरजांना क्रम असतो. आधी अन्नपाणी, मग सुरक्षितता, मग आपली माणसे, मग मान. या बऱ्याच अंशी भागल्या म्हणजे अंगचे सामर्थ्य पूर्णत्वास नेण्याची ओढ लागते.

सोहिरोबांचा जन्म 1714 चा. मूळ नाव अच्युत, घराणे पेडण्याकडील, वस्ती बांद्याची, वृत्ती कुळकर्णाची. पेडणे, डिचोली हा मुलूख तेव्हा सावंतवाडीकर भोसल्यांचा. पोर्तुगीजांकडे तो गेला त्या शतकाच्या अखेरीस. घर, अन्न, मान, कशास उणे नव्हते. परंपरा सांगते की, सरकारी बोलावण्यावरून वाडीस जाताना ते वाटेत भूक लागली म्हणून फणस फोडून बसले. तोच एक सिद्ध पुढे ठाकला. सोहिरोबांनी गरे आधी त्याच्या हाती दिले. तो सिद्ध गहिनीनाथ, अशी श्रद्धा आहे. पुढे त्यांनी कुळकर्ण सोडले आणि ‘सिद्धान्तसंहिता’, ‘महदनुभवेश्वरी’ यांसारखे ग्रंथ रचले.

येथवर शिडी बिनतक्रार लागू पडते. पोट भरलेला वतनदार वरची पायरी चढला, असे कोणीही म्हणेल. पण उतारवयात ते तीर्थयात्रा करीत उत्तरेत आले, तेव्हा गाठीस काही नव्हते. महादजी शिंद्यांनी आपली कविता त्यांस दाखविली, अशी आख्यायिका आहे. एका होकाराने उरलेले आयुष्य सुखात गेले असते. सोहिरोबांनी नापसंती स्पष्ट सांगितली. आपणास राजाची गरज नाही, अशा अर्थाचे पद रचले आणि ते निघून गेले. 1792 साली उज्जैनीत ते अंतर्धान पावले, असे मानतात.

खालच्या पायऱ्या रिकाम्या असताना हा माणूस वरच उभा राहिला. मास्लोनेही क्रम अगदी ताठर मानला नव्हता, आणि उत्तरायुष्यात स्वतःपलीकडे जाण्याची आणखी एक पायरी त्याने वर जोडली.

आज पेडण्यातील विर्नोडा येथील सरकारी महाविद्यालयास सोहिरोबांचे नाव आहे. मी पेन्शनर माणूस. वरिष्ठांच्या सुमार कवितांस नोकरीत अनेकदा मान डोलावली आहे. नातवाने विचारले, आजोबा, तुम्ही कोणत्या पायरीवर? मी उत्तर दिले नाही.